‘दुखतंय’च्या पुढचा शब्द

डॉ. मालिनी उकिडवे यांच्या दवाखान्याची पायरी मी पहिल्यांदा चढले ती नोकरी मागायला. अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर हा दवाखाना आहे. मी नुकतीच डॉक्टर झाले होते. वाकोल्यात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली आणि हातात डिग्री आल्यामुळे जराशी हवेतच. बाईंनी (त्यांना आम्ही सगळेच बाई म्हणतो) माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, “पेशंट म्हणाला दुखतंय. तू पुढं काय विचारशील?”

“कुठं?” मी झटकन म्हटलं.

“मग?”

“कधीपासून?”

“मग?”

मी अंदाजानं म्हटलं, “किती?”

“आणि कसं दुखतंय, ते कोण विचारणार? शेजारचा इस्त्रीवाला?”

“कसं म्हणजे?” मी म्हटलं. “दुखतंय म्हणजे दुखतंय ना!”

बाई मनापासून हसल्या. म्हणाल्या, “उद्यापासून ये. ‘कसं म्हणजे’ असं विचारलंस, सुरुवातीला तेवढं पुरे.” त्या ‘उद्या’ला आता वीसेक वर्षं होऊन गेली. मी अजून तिथंच आहे.

बाईंना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. समितीचे लोक माझ्याकडे लेख मागायला आले तेव्हा मी त्यांच्यावर जवळजवळ खेकसलेच. त्याला कारण होतं. गुढीपाडव्याला बाईंनी आम्हाला पेढे दिले आणि पेढा तोंडात असतानाच सांगून टाकलं, “पंच्याहत्तरी झाली की मी थांबणार. दवाखाना तू चालव.” गेली दोन-तीन वर्षं बाईंना कमी ऐकू येतं. कानाला यंत्र लावलं, पण ते यंत्र पंख्याची घरघर आणि रिक्षांचे हॉर्न मोठे करतं आणि समोरच्या म्हातारीचा बारीक आवाज तसाच ठेवतं. बाईंचं म्हणणं असं, की ज्या डॉक्टरला पेशंटचा शब्द ऐकू येत नाही, तिनं खुर्ची अडवू नये. बाईंनी विषय संपवला की तो संपतो, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवानं ठाऊक असेल. मी समितीला म्हटलं, “तुम्ही गौरव करताय की हातात नारळ देताय, ते आधी ठरवा. निरोपाचा लेख माझ्याकडून मिळणार नाही.” तरीही मी लिहायला बसले आहे. ते का, ते पुढं सांगते.

आधी बाईंच्या कामाविषयी. मी रुजू झाले तेव्हा सुरुवातीचे कितीतरी दिवस बाईंनी मला औषधांतलं काहीच शिकवलं नाही, शब्द शिकवले. गळू ठसठसतं, दाढ ठणकते. पोटात कळ येते, नाहीतर मुरडा पडतो. डोळे चुरचुरतात, पाठीत चमक भरते, उभं राहून राहून पायांना रग लागते आणि ताप चढण्याआधी अंगात कणकण असते. मी तोवर या सगळ्याला ‘दुखतंय’ म्हणत आले होते. खरं सांगायचं तर काही चांगलं झालं की झकास, बिघडलं की वाट लागली, आणि मधलं सगळं ‘ठीक’, एवढ्या भांडवलावर माझं मराठी चाललं होतं. बाईंच्या केसपेपरवर मात्र ‘पोटदुखी’ एवढंच लिहिलेलं चालत नसे. त्या पेपर परत माझ्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, “हे तर पेशंटला घरीच माहीत होतं.”

मला शब्दांची गोडी लागली, आणि नव्यानं गोडी लागलेल्या माणसासारखा मी उच्छाद मांडला. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या हिराबाय तेव्हा पहिल्यांदा माझ्यासमोर आल्या. बाजारात बसून मासळी विकणाऱ्या, ठसठशीत नथ, आवाज असा की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत यावीत. म्हणाल्या, “हाताला बरा नाय.” मी सरसावून बसले. ठणकतो का? हाय. जळजळतो का? हाय. चमक येते? सणक मारते? टोचतं? हाय, हाय, हाय. मी सगळं लिहून घेतलं आणि अभिमानानं तो पेपर बाईंपुढं ठेवला.

बाईंनी तो वाचला आणि हिराबायना विचारलं, “एवढं सगळं एकाच हाताला?”

“नाय गो,” हिराबाय म्हणाल्या. “ही पोरगी एवढी मायेनं इचारते, तिला नाय कशाला बोलू?”

बाईंनी मग एकच प्रश्न केला. “कोलंबी सोलताना हाताचं काय होतं?”

“हात मरतो. कोलंबी धरलीय का सुटलीय, कळत नाय.”

म्हणजे हात बधिर होत होता. मनगटाशी नस दाबली जात होती. पुढं उपचार झाले, हात सुधारला. पण हिराबाय गेल्यावर बाई मला म्हणाल्या ते मी जन्मात विसरणार नाही. “तू दुखण्याचे सगळे शब्द विचारलेस, न दुखण्याचा एकही नाही विचारलास. शब्दांचा साठा ऐकण्यासाठी असतो गं, समोरच्यावर ओतण्यासाठी नाही. ज्याच्याजवळ शब्द जास्त, त्यानं चार पावलं पुढं जाऊन समोरच्याला भेटायचं.”

हे तत्त्व बाई स्वतः किती काटेकोरपणे पाळतात, हे त्यांचं बोलणं ऐकलेल्यांना माहीत आहे. बाईंना येतात तेवढे मराठी शब्द माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या कुणालाही येत नसतील. शिवाय गुजराती बायका जिवाच्या ज्या घुसमटीला ‘मुंझारो’ म्हणतात आणि रिक्षावाले ज्याला ‘घबराहट’ म्हणतात, तेही त्यांनी त्या त्या माणसांकडून नीट समजावून घेतलेलं. पण पेशंटशी बोलताना यांतले किती शब्द त्या वापरतात? मोजकेच. मी एकदा एका आजोबांना ‘आपल्या रक्तातील शर्करेचे प्रमाण’ वगैरे ऐकवत होते. आजोबा हात जोडून बसले होते, कीर्तनाला बसल्यासारखे. बाई आतून आल्या आणि म्हणाल्या, “काका, साखर वाढलीय. भात अर्धा करा. संध्याकाळी चालायला जा.” काकांनी लगेच विचारलं, “अर्धा म्हणजे एक वाटी चालेल?” बोलणं पोचलं की समोरून प्रश्न येतो, मान डोलत नाही, हे मला त्या दिवशी दिसलं.

आता बाकाविषयी लिहायला हवं, कारण उकिडवेबाईंचा दवाखाना म्हटलं की लोकांना आधी तो बाक आठवतो. बाईंच्या खोलीत ‘टेन्शन’ हा शब्द चालत नाही. मुंबईत माणसाला भीती वाटत नाही, लाज वाटत नाही, उबग येत नाही, फक्त टेन्शन येतं, यावर बाईंचा भारी राग. कुणी म्हणालं, “डॉक्टर, टेन्शन आहे,” की बाई बोटानं दार दाखवतात. “बाहेर बाकावर बसा. दुसरा शब्द मिळाला की आत या.” ताप, रक्त आणि धाप यांना अर्थातच सूट. बाकी सगळे बाकावर, मग तो बँकेतला मॅनेजर असो की मालिकेत काम करणारी नटी.

गंमत अशी, की बाकावरची माणसं एकमेकांना मदत करतात. याच सोसायटीत राहणारे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले सप्रेकाका रक्तदाब मोजायच्या निमित्तानं रोज तिथं असतात आणि या कामाचे स्वयंघोषित प्रमुख आहेत.

“काय हो, कसलं टेन्शन?”

“मुलाचा रिझल्ट आहे.”

“मग धाकधूक म्हणा की!”

“धाकधूक नाही हो. त्याला मी जबरदस्तीनं सायन्सला घातलं, ते आता डोक्यातून जात नाही.”

“अहो, मग ती चुटपुट झाली. चुटपुट म्हणून आत जा, बाई लगेच ऐकतील.”

आणि बाई खरंच लगेच ऐकतात. धाकधूक असलेल्या माणसाला आणि चुटपुट लागलेल्या माणसाला एकच गोळी देऊन कसं चालेल, असा त्यांचा साधा सवाल असतो. पुष्कळांना तर गोळी लागतच नाही. आतल्या आत जे नुसतं ढवळत होतं, त्याला नेमका शब्द मिळाला की निम्मं ओझं तिथंच उतरतं. उलट नेटवर वाचून मोठमोठी इंग्रजी नावं घेऊन येणाऱ्यांची बाई जी हजेरी घेतात, ती पाहण्यासारखी असते. “रोगाचं नाव मी ठेवीन. तुला काय होतंय ते तू सांग.”

बाई पक्क्या शाकाहारी. तरी हिराबाय आणि त्यांच्या मैत्रिणींकडून ऐकून ऐकून बाईंना प्रत्येक मासा, त्याचा हंगाम आणि कालवणाची रीत तोंडपाठ आहे. “बोंबील तळू नका, आंबट-तिखट करा, तेल बेतानं,” असं त्या ज्या आत्मविश्वासानं सांगतात, त्यावरून कुणाला वाटावं की रविवारचा बेत ठरतो आहे! कोळणी प्रेमानं जी मासळी आणतात ती बाई माझ्या पिशवीत टाकतात. या वीस वर्षांत माझ्या घरी पापलेटाची जी चंगळ झाली, तिचं सगळं श्रेय बाईंच्या शाकाहाराला आहे, हे इथं कृतज्ञतापूर्वक नमूद करते.

एक गोष्ट लिहू की नको, असं बरेच दिवस मनात होतं. माझी मुलगी झाली त्या वेळची आहे. मी सगळ्यांना सांगत होते, छान आहे, मजेत आहे. येणारे लोक पेढे घेत होते, बाळाला पाहत होते, जात होते. बाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. थोडा वेळ बसल्या, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, “जरा चहा टाकता का?” सासूबाई आत गेल्यावर माझ्याजवळ सरकून हळूच बोलल्या, “मजेत नाहीस तू. शब्द शोधायची ताकद तुझ्यात आत्ता नाही, म्हणून मी शोधते. तू नुसती मान हलव. थकलीस? घाबरलीस? की हे बाळ आपलं वाटतच नाहीये?” तिसऱ्या प्रश्नाला मी ओक्साबोक्शी रडायला लागले. मी डॉक्टर असूनही ते वाक्य मला स्वतःशीसुद्धा बोलवत नव्हतं. बाईंनी माझा हात धरला. “होतं असं. पुष्कळजणींना होतं. यावर उपचार आहेत, आणि तू वाईट आई मुळीच नाहीस.” उपचार झाले, मी बरी झाले. आज ती मुलगी दवाखान्यात येऊन बाईंच्या खुर्चीत गोल गोल फिरते आणि बाई तिला कधीही रागावत नाहीत. बाईंचे माझ्यावर उपकार आहेत, असं म्हटलं तर त्यांना आवडणार नाही. पण आहेत, आणि ते मी लिहिणार.

तर अशा या बाई पाडव्याला म्हणाल्या, मी थांबते. मी मग चंग बांधला. रोज एक नवा मुद्दा काढू लागले. पेशंटांचं नुकसान होईल. नव्या डॉक्टरांनी शिकायचं कुणाकडून? इतक्या वर्षांत कमावलेलं दवाखान्याचं नाव, त्याचं काय? समाजाचं आपण काही देणं लागतो, हेसुद्धा मी ऐकवलं. आता हसू येतं, पण तेव्हा मी टेबलावर हात आपटून बोलत होते. बाई शांतपणे ऐकायच्या, म्हणजे जेवढं ऐकू येईल तेवढं, आणि म्हणायच्या, “पुढचा पेशंट पाठव.”

माझी झोप उडाली. एक दिवस सकाळी मी आत केसपेपर द्यायला गेले, तर बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तुझा चेहरा असा का झालाय?”

“काही नाही हो बाई, टेन्शन.”

तोंडातून गेलं ते गेलंच. बाईंचं बोट दाराकडे वळलं.

“बाई, अहो मी डॉक्टर आहे इथली!”

“आत्ता पेशंट आहेस. जा.”

बाकावर सप्रेकाकांनी हसत हसत जागा करून दिली. “या, या डॉक्टर. धास्ती म्हणून बघा. सगळा दवाखाना तुमच्या एकटीच्या अंगावर येणार.”

मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. धास्ती नव्हती. दवाखाना मला चालवता येतो.

“मग राग?”

राग होता, पण तो नुसता वरचा होता. पलीकडे हिराबाय बसल्या होत्या. आता त्यांच्या सुना बाजारात बसतात आणि त्या दवाखान्यात. त्यांनी विचारलं, “बाय घरी बसणार म्हणून ना गो?”

“हो.”

“मंग सांगितलास काय तिला?”

“रोज सांगते. तुमचं सगळ्यांचं नुकसान होईल म्हणून.”

“आमचं नको सांगू. तुझं सांग.”

माझे आई-वडील वाकोल्यात खणखणीत आहेत. नवरा, मुलगी, सासूबाई, भरलेलं घर आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं तो शब्द उच्चारायचा म्हणजे लाजच वाटत होती. पण एकदा सापडल्यावर दुसरा कुठलाच शब्द जागेवर बसेना. मी उठले, आत गेले आणि खाली मान घालून पुटपुटले.

बाईंनी कानामागे हात धरला. “काय? मोठ्यानं बोल.”

“पोरकं वाटतंय.”

“ऐकू येत नाहीये गं. अजून मोठ्यानं.”

“पोरकं वाटतंय!” मी ओरडलेच. “तुम्ही गेलात की मला पोरकं वाटणार आहे!”

दार उघडं होतं. बाकावरच्या सगळ्या माना आत वळल्या. बाईंनी समोरचं पॅड सरळ केलं. ते आधीच सरळ होतं, तरी पुन्हा सरळ केलं. मग म्हणाल्या, “मग इतके दिवस ते पेशंटांचं नुकसान, दवाखान्याचं नाव, समाजाचं देणं, हे काय लावलं होतंस?”

“तेही खरंच आहे, बाई.”

“असेल. पण त्यातलं एकही तुला दुखत नव्हतं.” त्यांचे डोळे भरले होते, आणि बाईंचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. “बस इथं, शेजारी. सकाळचे पेशंट आपण दोघी मिळून बघू. मला ऐकू आलं नाही, की तू मोठ्यानं सांगायचं.”

दुसऱ्याच दिवसापासून तसं सुरू झालं. एक गृहस्थ छातीवर हात ठेवून काहीतरी हळूच बोलले. मी बाईंना मोठ्यानं सांगितलं, “छातीत धडधडतं म्हणताहेत.”

“फडफडतं म्हणालो मी,” गृहस्थांनी तक्रार केली.

बाईंना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. “त्यांचा शब्द दे. तुझा नको.”

“फडफडतं म्हणताहेत, बाई!”

बाईंनी लगेच त्यांची नाडी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि त्यांना कार्डिओग्राम काढायला धाडलं. ठोके अनियमित निघाले. वेळेवर कळलं, आता त्यांची तब्येत उत्तम आहे.

म्हणून हा लेख मी लिहिला आहे. हा निरोप नाही, हे समितीनं आणि बाईंच्या साऱ्या स्नेह्यांनी कृपया लक्षात घ्यावं. दवाखाना सकाळी उघडा असतो आणि बाई खुर्चीवर असतात.

अशा लेखाच्या शेवटी बाईंसाठी देवाकडे काही मागायची रीत आहे. मीही मागते, आणि स्वतःच्याच स्वार्थानं मागते. बाईंना खूप वर्षं मिळोत. त्यांचं हृदय दणकट राहो, गुडघे साथ देवोत, नजर आत्तासारखीच, माणसाच्या आरपार पाहणारी राहो. कानांचं देवानं मनाला लावून घेऊ नये. ते मी बघते.